भरलेल्या जखमेची पट्टी

कोपराने जनावरांच्या दवाखान्याचं दार ढकलून तो आत शिरला. श्रावणसरीने पुरता भिजलेला, हातात गोणपाट, गोणपाटात रक्ताळलेली तांबूस कुत्री.

"अर्नाळ्याच्या वळणावर कुणीतरी उडवलं हिला... वाचेल ना?"

डॉ. अश्लेषाने आधी कुत्रीचं तोंड पट्टीने बांधलं. घाबरलेलं जनावर वाचवणाऱ्यालाच चावतं. मग तिने हात पुढे केला. "गाडीची किल्ली द्या."

"आँ?"

"रस्त्यावरची कुत्री आणणारे 'गाडी लावून येतो' म्हणतात आणि पसार होतात. टाके पडेपर्यंत किल्ली माझ्याकडे. पुढचे पाय तुम्ही धरायचे."

या नियमावरून मनवेलपाड्यात लोक नाकं मुरडत. याने मात्र निमूट किल्ली दिली, पाय धरले आणि पहिल्याच टाक्याला पांढराफटक पडला.

"चक्कर येतेय?"

"जखमेकडे बघितलं की येते. तुमच्याकडे बघितलं तर... नाही येत."

मास्क होता म्हणून बरं! अश्लेषाचे गाल चांगलेच तापले होते.

त्याचं नाव उमंग वर्तक. आगाशीला केळीची वाडी. कुत्रीला त्याने वाडीतच ठेवलं आणि दर तिसऱ्या दिवशी ड्रेसिंगला आणू लागला. एकदा सोबत वाडीतली केळी वाळवून केलेली सुकेळीही आणली.

"ही पेशंटला?" तिने विचारलं.

"पेशंट जेवते हो वेळेवर. डॉक्टरांचं काही खरं दिसत नाही."

त्याच्या स्कूटरचा आवाज आला की अश्लेषाच्या काळजात धडधड! तीन आठवड्यांत जखम छान भरली. आता कुत्रीला तिच्या वळणावर परत सोडायचं. बऱ्या झालेल्या भटक्या कुत्र्यांचं तसंच करतात. म्हणजे उमंगचं येणंही संपलं. तिने गुपचूप नवी पट्टी बांधली. "परवा या."

परवाही तेच. मदतनीस मर्सी कपाटाकडे बघत म्हणाली, "मॅडम, पट्ट्या संपत आल्या हां."

गुरुवारी टेबलावर उमंगने स्वतःच पट्टी सोडली. खाली गुळगुळीत कातडी, त्यावर कोवळे केस.

"डॉक्टर, हे... बरं झालंय ना?"

पळणाऱ्यांच्या किल्ल्या काढून घेणारी अश्लेषा, आणि आज स्वतःलाच पळून जावंसं वाटत होतं. पण तिने मान वर केली.

"रविवारीच बरं झालं. तुम्ही यायचं थांबाल म्हणून बांधत होते. चुकलं माझं. तिला आज सोडून या."

मर्सीचा हात कापसाच्या डब्यात तसाच राहिला. कुत्री तेवढी टेबलावर शेपटी आपटत होती.

"हिला सोडायला तुम्ही चला बरोबर," उमंग म्हणाला. "आणि उद्या मी येतो... कुत्र्याशिवाय. चालेल?"

"चालेल," अश्लेषा म्हणाली आणि मास्क काढून मनापासून हसली.