कोणाचाच नसलेला खांब

आमच्या संग्रहालयाच्या आदिवासी दालनात स्मृतिखांब नव्हता. भामरागडकडे माणूस गेला की त्याच्या नावाने कोरीव लाकडी खांब उभा करतात. गावाच्या कडेचा तसा खांब उचलून आणणं मला चोरीसारखं वाटलं. म्हणून १९८४च्या मार्चमध्ये तिकडच्या कोलू नावाच्या कारागिराला मी नवा घडवायला सांगितला.

“कोनाचा?” त्याने विचारलं.

“कोणाचाच नाही. नमुना.”

तो बायकोकडे पाहून हसला. मग त्याने समजावून सांगितलं, की खांबावर गेलेल्याच्या वस्तू कोरायच्या असतात. कुऱ्हाड, ढोल, बैलगाडी. त्यावरून त्या गेलेल्या माणसाला आपला खांब ओळखता येतो. मी म्हटलं, काहीही कोरा. त्याने सूर्य, मासे, मोर कोरले आणि तळाचा चौकोन रिकामा सोडला.

चंद्रपुरात आमचे सुतार मन्सूर यांनी खांब वजनकाट्यावर उभा केला. माझं शिक्षण लाकूडशास्त्रातलं. नवं सागवान किती सुकतं ते मला पाहायचं होतं. दर सोमवारी वजन, ओलावा, भेगा नोंदवहीत लिहायच्या.

मेमध्ये तळाच्या चौकोनात एक बारीक गोल रेघ दिसली. मी भिंग काढलं. ते बाबांचं, मी बी.एस्सी. झाले तेव्हा त्यांनी दिलेलं. भेग लाकडाच्या तंतूंच्या दिशेने जाते. ही रेघ तंतू कापत गेली होती.

दुसऱ्या सोमवारी गोल दोन झाले.

पटाशी फक्त मन्सूरकडे होती. मी त्यांना आडून विचारलं. “मॅडम, मले कोरता येत असतं तर वाघ काढला असता. गोल काऊन काढू?” ते म्हणाले. मी किल्ली स्वतःकडे ठेवली, दारावर माझ्या सहीची कागदी पट्टी चिकटवली. पट्टी शाबूत राहिली. वजन दोनशे ग्रॅमने घटलं; ओलावा तेवढाच होता. खाली एक भुसकटही नव्हतं.

जूनमध्ये गोल जुळून सायकल झाली. दांड्याला करवत बांधलेली, घंटी डाव्या बाजूला. मन्सूर यांचा उजवा अंगठा यंत्रात गेला होता. त्यांची घंटी डावीकडे होती.

त्यांनी कोरलेल्या घंटीवरून बोट फिरवलं. “माही पोरगी जैनब आठ वर्षांची हाय, मॅडम,” एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते पायी येऊ लागले.

मी कोलूकडे गेले. त्याला नवल वाटलं नाही.

“खांब रिकामा कसा राहीन, बाई? कोनी नाव सांगतलं नाई, तर ज्यानं उभा केला त्यालेच धरन.”

“आता काय करायचं?”

“बनवाले तुमी सांगतलं. नाव तुमीच द्या. तुमच्या घरातल्या, गेलेल्या मानसाचं.”

परत येऊन मी खांबापुढची माहितीची चिठ्ठी काढली. ‘व्यक्ती: नाही’ असं माझ्याच अक्षरात होतं. ते खोडून लिहिलं: रामाजी. माझे वडील, ते १९७९ साली गेले. याला शास्त्रीय कारण माझ्याकडे नव्हतं. जैनब होती.

पुढच्या सोमवारी चौकोन सपाट होता.

वजन दोनशे ग्रॅमने वाढलं होतं.

मन्सूर सायकलवर आले. मला ऐकू यावं म्हणून फाटकातच दोनदा घंटी वाजवली. त्या दिवशी मी नोंदवही उघडलीच नाही.

आज चौकोनात पुन्हा कोरीव काम आहे. गोल काच, तडकलेली मूठ. बाबांचं भिंग. नोंदवहीत मी तसंच लिहिलं: रामाजी यांची वस्तू.

मुठीभोवती कोरलेला दोरा मात्र लिहिला नाही. भिंग गेल्या आठवड्यात माझ्या हातून पडलं, तेव्हा मूठ तडकली. दोरा मी बांधला आहे.