हत्तीखान्याच्या बाजारातली जागा

त्या सकाळी मी टोपलं उतरवलं आणि आधी नाक धरलं. शेजारी, मासळीवाल्या वारलूभाऊच्या जागेवर, एक नवाच माणूस बसला होता, आणि त्याच्या सुक्या मासळीचा वास वाऱ्याबरोबर नेमका माझ्या वांग्यांवर येत होता. भाद्रपद संपत आला होता. रिपरिप थांबत नव्हती, आणि तिच्याबरोबर कोळशाची काजळीही अंगावर उतरत होती. चंद्रपुरात तेव्हा पाऊस असाच यायचा.

"ओ भाऊ, जरा तिकडं सरक ना. माह्या वांग्याले वास लागून राह्यला."

"वांग्याले नाक कुठी असते?"

"मले आहे ना!"

त्यानं माझ्या नाकाकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ... "हो. आहे. चांगलं आहे."

मेला! मी तोंड फिरवलं, पण हसू काही आवरलं नाही. तो वारलूभाऊचा धाकटा भाऊ निघाला, पोचू. सिरोंच्याहून नुकताच आला होता. बोलायचा मराठीत, पण गिऱ्हाईक गेलं की मनातला हिशेब तेलुगूत चालायचा, ओठ हलायचे. दुसऱ्या दिवशी त्याची टोपली पलीकडच्या बाजूला गेलेली होती.

आमचा हत्तीखान्याचा बाजार किल्ल्याच्या भिंतीला टेकून भरायचा. समोर लिंबू-मिरची विकणारी खैरुनबी सांगायची, "गोंड राजाचे हत्ती बांधत होते इथी. हाथी गये, तं भाजीवाल्या आल्या. खाली जागा कोन ठेवते, बेटी?" खरंखोटं तिलाच ठाऊक. पण बाजार असा, की परगावचा माणूस नुसता बघायला यायचा. जंगलातल्या बाया सात्या, म्हणजे रानातल्या अळंब्या, आणि बांबूचे कोवळे कोंब, वास्ते, घेऊन यायच्या, उन्हाळ्यात चारं नि टेंभरं ही रानफळं. जिवतीच्या डोंगरावरची तूर यायची. एका कोपऱ्यात बुरड टोपल्या विणत बसायचा आणि विणता विणता सगळ्यांच्या घरच्या बातम्या सांगायचा.

जागेला कागद कुणाकडेच नव्हता. माझी जागा आधी आजीची, मग मायची, मग माझी. एखादी बाळंत झाली, कुणाकडे मयत झाली, तर शेजाऱ्यानं तिच्या जागेवर बसायचं, ती परत येईपर्यंत. बसला म्हणून जागा त्याची होत नसे. तो बसला म्हणूनच ती तिची राही. आजीच्या बाळंतपणात खैरुनबीची सासू आमच्या जागेवर बसली होती, आणि हे आम्हाला देवाधर्मापेक्षा जास्त पाठ होतं.

पोचू रोज काहीतरी काढायचाच.

"कांता, वांगं आन् सुकट एकाच गंजात शिजते. मालूम आहे ना?"

"शिजते. पन आधी सुकट धुवा लागते. तू कधी धुतला होता?"

तो खो-खो हसला. दुसऱ्या दिवशी मात्र केस ओले, शर्ट धुतलेला... आणि माझ्याकडे न बघता बसला, परीक्षेला बसल्यासारखा. मी घरी हे मायला सांगितलं. माय हसली नाही. म्हणाली, "चांगला दिसते. पन त्याचा भाऊ मानंल का?" मला एकदम थंडी वाजल्यासारखं झालं, कारण मी लग्नाचं काहीच बोलले नव्हते.

आठवड्यातच मायला हिवताप चढला. दोन गोधड्या घातल्या तरी खाट हलायची. मी धावत बाजारात आले, फक्त एवढंच सांगायला.

"माही जागा पाहशीन?"

"बसतो ना मी. तू मायजवळ जाय." त्यानं हात पुढे केला, मग मागे घेतला. "तू परत ये फक्त."

मी गेले. ताप डोक्यात गेला आणि माय कुणाला ओळखेना. विहारातली माणसं आली, त्रिशरण म्हटलं, आणि मायला नेलं. मी रडले नाही. घरात मी एकटीच उरले होते, आणि मला एकच गोष्ट दिसत होती: ती जागा आहे, म्हणजे मी उपाशी मरणार नाही.

पंधरा दिवसांनी परत आले तेव्हा बाजार ओळखू येईना. सिमेंटचे ओटे झाले होते, प्रत्येकावर रंगानं नंबर. माझ्या ओट्यावर वारलूभाऊ मासळी पसरत होता. पोचूनं मला पाहिलं आणि मान खाली घातली.

सगळं खैरुनबीनं सांगितलं. कचेरीचा साहेब आला होता. जो जिथे बसलेला, त्याच्या नावानं तो ओटा. पोचू माझ्या जागेवर, वारलूभाऊ आपल्या.

"ही जागा कोणाची?" साहेबानं विचारलं.

"कांताची."

"कुठं आहे ती?"

"तिची माय बिमार आहे, साहेब. येते ती."

"हजर नाही, तर जागा नाही. कांद्याच्या दलालाला लिहा."

तेव्हा पोचू म्हणाला, "माही आहे, साहेब. माही." आमच्यात शेजाऱ्याचं बसणं म्हणजे राखण, साहेबाकडे बसणं म्हणजे मालकी. ओटा पोचूच्या नावावर चढला. आता त्यावर फक्त त्याच्या घरचंच माणूस बसू शकत होतं.

"मंग मी कुठी बसू?" मी त्याला विचारलं.

तो माझ्याकडे बघेना. "घरचंच मानूस पायजे... तं तू घरची हो ना. माह्या घरची. लगन करू."

मायची राख अजून थंड झाली नव्हती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. "ओट्यासंग बायको भेटते का बाजारात? ओटा नसता तं इचारलं असतं का तू मले? सांग!"

तो ओट्यावरचा नंबर नखानं खरवडत राहिला. त्याचा एक 'हो' मला हवा होता, मायची शपथ हवा होता. मी टोपलं उचललं आणि भिंतीबाहेर, नालीच्या काठावर जाऊन बसले. तिथे सगळ्यांचा चिखल अंगावर उडायचा आणि वांग्याला निम्मा भावही मिळत नसे.

चार दिवसांनी पोचू तिथे आला. ओठ फुटलेला, काखेत कपड्यांची पिशवी.

"काय झालं?"

"साहेबाले खरं सांगून आलो. का जागा कांताची आहे, मी खोटं बोललो." त्यानं पिशवी खाली ठेवली. "तो म्हने, कांता त्या दिवशी हजर नव्हती, आन् ओटा दलालाले देऊन टाकला. दादानं मले मारलं. हाकलून देल्लं. आता ओटा नाई, कांता. आता इचारतो."

माझ्या हातात वांगं होतं, ते मी त्याला फेकून मारलं. मग दुसरं.

"माह्या आजीची जागा होती ते! माह्या मायची! कोनं सांगितलं होतं तुले?"

"तूच तं म्हनली... ओटा नसता तं."

मी म्हटलं होतं. रागात म्हटलं होतं, आणि या येड्यानं ते शब्दाशब्दानं खरं केलं. तीन पिढ्यांची जागा त्यानं माझ्या एका टोमण्यापायी घालवली. माझा संताप संताप झाला, आणि त्याच संतापात मला कळून चुकलं, की एवढं माझ्यासाठी कुणीच कधी करणार नाही. तेव्हा कुठे मला रडू आलं, मायसाठी, भर रस्त्यात, मोठ्यानं. पोचू हात लावायला धजावला नाही. तो चिखलातली वांगी गोळा करत राहिला, एकेक शर्टाला पुसत.

एवढ्यात बाजाराचा चौकीदार काठी आपटत आला. "उठा, उठा! इथी नाई बसायचं आजपासून."

आम्ही उठलो. "टोपलं उचलून दे," मी म्हणाले. त्यानं ते माझ्या डोक्यावर चढवलं, आणि त्याचे हात टोपल्याच्या काठावर तसेच राहिले. खरंच, मासळीचाच वास येत होता हातांना.

"हो," मी म्हणाले.

"काय... हो?"

"इचारलं ना तू? त्याले हो म्हनलं."

त्याचा फुटका ओठ हसायला गेला आणि दुखावला. मग आम्ही गल्लीत शिरलो. पोचूनं आयुष्यात कधी भाजी विकली नव्हती. "वांगे घ्या, वांगे!" तो असा ओरडला, की कुत्री भुंकायला लागली. पावसाचे दिवस, सगळी दारं बंद. एकही उघडलं नाही. तरी तो गल्लीच्या टोकापर्यंत ओरडत गेला, आणि मी टोपलं सावरत त्याच्या मागून चालले. आमची वरात म्हणाल, तर तीच.