झाकलेलीला नाव विचारू नये

नीव्हेस दर ऑगस्टला कादिस शहरातून माहेरी यायची. माहेर म्हणजे फ्रास्कीतामावशीचं घर. आई गेल्यावर मावशीनंच तिला वाढवलं होतं. व्हेहेर गाव टेकडीच्या माथ्यावर, चुन्यानं पांढरंफेक, आणि खाली शेतं ओलांडली की समुद्र. यंदा खास काम होतं. लेक ओलिव्हा सात वर्षांची झाली होती आणि मारीयामातेच्या उत्सवात गावातल्या पोरींबरोबर काळ्या पांघरुणात अंग झाकून मिरवणार होती.

सकाळी मायलेकी खाली किनाऱ्यावर मनसोक्त डुंबून आल्या. दूरवर माणूस नव्हता, टपरी नव्हती, नुसती वाळू. दुपारी मात्र लेव्हान्ते सुटला. हा पूर्वेचा वारा एकदा लागला की माणसाचं डोकं उठवतो. खिडक्या धडधडतात, दातांखाली धूळ येते, कुत्रीसुद्धा भुंकायची सोडून कोपरा धरतात.

"सरळ उभी राहा गं! किती वळवळ करशील?" मावशी गुडघ्यांवर बसून ओलिव्हाला काळा झगा चढवत होती.

"आजी, टोचतंय."

"टोचू दे. नटायची हौस कुणाला होती?"

झग्यावर डोक्यापासून कमरेपर्यंतचं काळं पांघरूण आलं. ते आतून मुठीत असं धरायचं की एकच डोळा उघडा राहील. गावात पूर्वी सगळ्या बायका अशाच फिरत. त्यांचे नवरेही त्यांना रस्त्यात ओळखत नसत.

"आणि लक्षात ठेव," मावशी म्हणाली, "झाकलेलीनं रस्त्यात आपलं नाव सांगायचं नाही. दुसऱ्यांनीही विचारायचं नाही. पांघरुणाला तर हातच लावायचा नाही."

"विचारलं तर काय होतं?"

मावशीनं जरा वेळ टाचणीच शोधली. "माझी धाकटी बहीण कोंचीता तुझ्याएवढी होती. असाच वारा होता. मिरवून दाराशी आली आणि म्हणाली, आत येऊ? आईला वाटलं, शेजारची कार्टी चेष्टा करतेय. आई आतून म्हणाली, आधी नाव सांग. पोर शिकवल्याप्रमाणे गप्प राहिली. मग निघून गेली... समुद्राकडे जाताना कुणीतरी तिला पाहिलं म्हणे."

"मावशी, पोरीला घाबरवू नकोस गं," नीव्हेस हसत म्हणाली. लहानपणी हीच गोष्ट सांगून मावशी तिला जेवण संपवायला लावायची.

मिरवणूक चौकापर्यंत धड पोचली नाही. वाऱ्यानं फुलांच्या कमानी आडव्या केल्या, वाजंत्रीवाल्यांच्या टोप्या उडाल्या आणि सगळी पांगापांग झाली. काळ्या झग्यांतल्या पोरींचा घोळका चिमण्यांसारखा गल्ल्यांत विखुरला. नीव्हेसला काही सुचेना. एवढ्या सारख्या पोरींत आपली कोणती? नावानं हाक मारायची सोय नाही. तेवढ्यात एक छोटा हात तिच्या हातात आला आणि तिचा जीव भांड्यात पडला.

"चल बाई, घरी चल."

उन्हं अजून होती, पण खिडक्या बंद, दारं बंद, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. भिंतींचा पांढरा रंग डोळ्यांत खुपत होता. हातातला हात ओला होता आणि त्याला वाळू लागलेली होती.

"आंघोळ घातली तरी वाळू कशी गं राहिली?"

पोर बोलली नाही. नियम पाळतेय शहाणी, असं नीव्हेसला वाटलं. वाटलं खरं, पण बोटं फार गार होती. उन्हात तापलेल्या दगडांवर पोरीची अनवाणी पावलं पडत होती, आणि प्रत्येक पावलाचा ओला ठसा मागे राहत होता. पायातले जोडे कुठे टाकले हिनं? नीव्हेसनं खाली वाकून त्या एका डोळ्यात बघितलं. डोळा तिच्याकडेच बघत होता. त्याची पापणी लवत नव्हती.

वास येत होता समुद्राचा. सकाळच्या स्वच्छ समुद्राचा नव्हे, डबक्यात साचून राहिलेल्या पाण्याचा. घर जवळ आलं होतं. नीव्हेस झपझप चालू लागली. का, ते तिला सांगता आलं नसतं.

दार उघडंच होतं. आत टेबलाशी ओलिव्हा बसली होती. आतल्या पांढऱ्या परकरात, घामेजलेली, हातात कलिंगडाची फोड. तिचा काळा झगा आणि पांघरूण खुर्चीवर पडलं होतं.

"आई, कुठे होतीस? मला इतकं उकडलं ना, मी मधूनच पळत आले!"

हातातला हात तसाच होता. तिनं सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. तो सुटेना.

"आत येऊ?" शेजारून बारीक आवाज आला.

मावशी स्वयंपाकघरातून आली आणि जागीच थबकली. तिचा चेहरा भिंतीसारखा पांढरा पडला.

"हो म्हणू नकोस, नीव्हेस... नाहीही म्हणू नकोस."

"मावशी, ही हात सोडत नाही गं..."

"तुला पुढचं कधी सांगितलं नाही मी. पुढच्या वर्षी माझ्या आईनं हिला आत घेतलं. न विचारता, छातीशी धरून घेतलं. सकाळी आई नव्हती. खाटेवर नुसती ओली वाळू होती." मावशीनं खांद्यावर शाल ओढली आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं. तिनं त्या पोरीचा दुसरा हात धरला, अगदी हळुवार. "कोंचीता, चल. मी येते पोचवायला. या पोरींना सोड बाळा."

नीव्हेसचा हात मोकळा झाला.

"मावशी, जाऊ नकोस! माझ्यासाठी तरी..."

"तुझ्यासाठीच जातेय, वेडे. ओलिव्हाला आत ठेव, दार लाव. आणि नीट ऐक. हे माझं घर आहे, मला आत यायला विचारावं लागत नाही. मी येईन ती किल्ली लावून. दाराशी येऊन कुणी 'आत येऊ' म्हणालं, तर आवाज कुणाचाही असो, उघडू नकोस."

दोघी उतारानं गेल्या. एक वाकलेली, एक छोटी. वळणावर वाऱ्यानं धूळ उडाली आणि मग दिसेनाशा झाल्या. नीव्हेसनं दार ओढून घेतलं, खटक्याचं कुलूप आपोआप लागलं; वरची कडी मात्र तिनं घातली नाही. कडी घातली तर किल्लीनं दार उघडणार कसं?

ती ओलिव्हाला कुशीत घेऊन बसून राहिली. सूर्य समुद्रात गेला, आकाश तांबडं झालं, आणि मग एकाएकी वारा पडला. इतकी शांतता झाली की नळाचं थेंब थेंब पाणी ऐकू यायला लागलं.

दारावर थाप पडली.

"नीव्हेस... दमले गं बाई. आत येऊ?"

"आजी आली!" ओलिव्हा उसळली. नीव्हेसनं तिचं तोंड दाबून धरलं.

"किल्ली घरातच राहिली बघ, पोरी. घाईत निघाले ना... उघड."

नीव्हेसनं मान वळवली. स्वयंपाकघराच्या चौकटीवर, रोजच्या खिळ्याला, किल्ली लटकत होती. मावशी खरंच विसरली होती. साठी उलटलेली, दुखऱ्या गुडघ्यांची बाई समुद्रापर्यंत जाऊन, टेकडी चढून परत आली होती, आणि ज्या पोरीसाठी गेली तीच तिला दाराबाहेर ठेवत होती. मावशीच्या आईनंही कोंचीताला असंच ठेवलं होतं. तिनं किल्ली काढून घेतली आणि दाराशी गेली. तिनं कुलपाच्या खटक्यावर हात ठेवला.

"उघड ना गं, नीव्हेस..."

आवाज मावशीचाच होता, यात शंका नाही. दमून उंबऱ्यावर बसली असेल बिचारी. कारण तो आवाज दाराच्या फार खालून येत होता, ओलिव्हाएवढ्या पोरीच्या उंचीवरून.