वजन सोडायचं, हात नाही

एक

"ओ मॅडम! तुमचं बाळ..."

आगरदांड्याहून दिघीकडे निघालेली फेरीबोट, जुलैतला बुधवार, खाडीवर बारीक सर. मी कठड्याशी उभी होते. वळले, तर एक माणूस माझ्या बॅगेपुढे गुडघ्यांवर बसलेला. बॅगेची चेन थोडी उघडी होती आणि तिच्यातून एक इवलासा गुलाबी पाय बाहेर आलेला.

"हात लावू नका—"

"गुदमरतंय ते!"

त्यानं चेन सर्रकन ओढली, बाळ उचललं, पाय धरून उलटं केलं आणि पाठीवर चापट मारली. एक. दोन. तिसरी मारताना त्याला पाठीवरचा कंपनीचा शिक्का दिसला.

त्यानं शिक्का वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते.

"बाहुली आहे," मी म्हटलं.

"आधी सांगायचं ना!"

"कुणाला? बॅग उघडणाऱ्याला?"

"म्हणजे... मेलंय की जिवंत आहे हे?"

"दिवसातून चाळीस वेळा मरतं. चाळीस वेळा जिवंत करायचं. तेच शिकवायला निघालेय, पलीकडच्या कोळीवाड्यात."

तो हसला. पुढच्या दोन दातांत फट होती. "मग चला, मी तिथलाच. दादू." आणि बाळाला काखोटीला मारून, जणू त्याचंच आहे, तो उतरायच्या रांगेत उभासुद्धा राहिला.

दोन, तीन, चार

मी क्रांती. मुरूडच्या दवाखान्यात नर्स. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, माणसं घरी सापडतात. म्हणून हे दिवस शिकवायचे, दर बुधवारी नवी तुकडी.

मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये वीस-बावीस जण होते. निम्म्यांच्या मांडीवर जाळं. हात जाळ्यात, डोळे माझ्यावर. खिडकीबाहेर कुणीतरी म्हातारं खोकत होतं.

मी तिन्ही बाहुल्या चटईवर मांडल्या. मी तोंड उघडायच्या आत दादूनं बारसं करून टाकलं. मोठा पोपटशेठ, मधला बंड्या, तान्ही चिंगी.

"माणूस हाक मारून हलत नाही, नीट श्वास घेत नाही. मग एकानं एकशेआठला फोन लावायचा आणि दुसऱ्यानं छाती दाबायची. पोपटशेठला दोन्ही हात, एकावर एक, छातीच्या मधोमध. कोपर ताठ. दोन इंच खोल. तीस वेळा दाबायचं, मग मान मागे, हनुवटी वर, नाक धरून तोंडानं दोन श्वास. बंड्याला एक हात पुरतो, नाही पुरला तर दोन. छातीच्या जाडीचा तिसरा हिस्सा खोल."

"आणि चिंगीला?" दादू.

"तिला दोन्ही हातांच्या ओंजळीत धरायचं, दोन अंगठे छातीवर. मान फार मागे न्यायची नाही, सरळ ठेवायची. आपल्या तोंडात तिचं तोंड आणि नाक दोन्ही घ्यायचं. फुंकर अगदी लहान. गालातली हवा, बस."

"मॅडम, इतकी नाजूक फुंकर आमच्याकडे फक्त चुलीला मारतात."

हॉल हसला. मीही... थोडं.

अकरा, बारा, तेरा

दादू पोपटशेठवर वाकला. जाळं ओढणारे खांदे. खोली बरोबर, वेगही बरोबर.

"दाबता छान. पण सोडत नाही."

"सोडलं तर हात सुटेल ना?"

मी त्याच्या हातांवर माझे हात ठेवले. दोरानं सोललेली बोटं... मिठाची खरखर.

"वजन सोडायचं, हात नाही. प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. तेव्हाच हृदय परत भरतं."

"असं?"

"असं."

हात काढायला मला उगाच एक क्षण जास्त लागला. त्याला ते कळलं, कारण तो मोजायचं विसरला. मग पुन्हा सापडलं— चौदा, पंधरा, सोळा—

सतरा

—आणि थांबला.

"पाणी कधी काढायचं? बुडालेल्याच्या पोटातलं?"

"काढायचंच नाही. खांद्यावर पालथं टाकून धावायचं नाही, हंड्यावर निजवून पोट दाबायचं नाही. बुडालेल्याला आधी श्वास द्यायचे, मग छाती. पाणी काढण्यात जी मिनिटं जातात, ती त्याचीच असतात."

हे वाक्य मी अकरा गावांत बोलले होते. या गावात जाळी विणणारे सगळे हात एकदम थांबले. खिडकीबाहेरचं खोकणंही.

दादू उठला, चप्पल न घालताच बाहेर गेला.

परत एक

परतीच्या फेरीला तो धक्क्यावर आला. बॅग त्यानंच उचलली.

"माझा भाऊ, कुलदीप. नऊ वर्षांचा. बुडाला, त्याला आठ वर्षं झाली. बाबांनी पाण्यातून काढला आणि खांद्यावर टाकून इथून देवळापर्यंत धावले. पाणी येत होतं तोंडातून. सगळे म्हणत होते, येतंय, येतंय, वाचला."

त्यानं बॅग खाली ठेवली.

"तेव्हा हे येत असतं... तर वाचला असता?"

"माहीत नाही. किती वेळ पाण्यात होता ते कुणालाच ठाऊक नाही."

"खोटं तरी बोला हो."

"बोलले, तर पुढे माझ्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवणार नाही तुम्ही."

"आणि मी ठेवावा... असं वाटतं तुम्हाला?"

फेरीचा भोंगा वाजला. बरं झालं.

"एकच मागणं आहे," तो म्हणाला. "ते पाण्याचं पुन्हा नका बोलू. बाबांच्या कानावर गेलं तर ते जगायचे नाहीत."

"आणि पुढचं पोर बुडालं तर?"

त्यानं बॅग उचलून माझ्या हातात दिली. मी फेरीत चढले.

(इथे मोजणी चुकली)

दोन बुधवार मी ते वाक्य गिळलं.

दोन बुधवार दादू धक्क्यावर यायचा, चिंगीला कडेवर घेऊन अख्ख्या गल्लीतून मिरवायचा, बायका विचारायच्या, "कुणाची रे?" आणि तो माझ्याकडे बोट दाखवायचा. त्याच्या आईनं घावने दिले. 'मॅडम'चं 'क्रांती' झालं, 'तुम्ही'चं 'तू'. परतीच्या फेरीत मी हसत असायचे, खाडीच्या मध्यावर पोचेपर्यंत. मग आठवायचं. आज वीस जणांना शिकवलं आणि बुडालेल्याचं सोडून सगळं सांगितलं. कोळीवाड्यात.

माणूस आवडतो म्हणून सत्य गाळायचं... हे कुठल्या वर्गात शिकले होते मी?

एकोणतीस

त्यापुढच्या बुधवारी बायका आल्या. कडेवर सहा महिन्यांची मुलगी घेऊन केसरवहिनी पुढेच बसल्या होत्या.

"ताई, पाणी कधी काढायचं ते न्हाय सांगितलंत."

मी दादूकडे पाहिलं. दादूनं चटईकडे. तरी मी सुरुवात केली, "काढायचं—"

"काढायचं न्हाय."

दारात रावजीकाका उभे होते. दादूचे बाबा. हातात जाळं विणायची सुई.

"मी रोज त्या खिडकीखालीच बसतो, बाय. तुझा आवाज लय मोठा. पहिल्याच दिवशी ऐकलं." ते आत आले. "दोन बुधवार वाट बघतोय, आज तरी सांगेल. का न्हाय सांगितलंस? या केसरच्या पोरीनं काय घोडं मारलंय तुझं?"

दादूनंच तोंड उघडलं. "मी म्हटलं होतं तिला, बाबा. नको सांगू म्हणून."

काका बंड्यापाशी गुडघ्यांवर बसले. त्याच्या रबरी केसांवरून एकदा हात फिरवला.

"एवढाच होता."

मग दाबू लागले. जोरात. नुसतेच दाबत राहिले.

दादू शेजारी बसला. वडिलांच्या हातावर हात ठेवला. "वजन सोडा, बाबा. हात न्हाय."

"पाणी येत होतं रे... म्हणून मला वाटलं..."

"मीच ओरडलो होतो मागून. अजून धावा, अजून येतंय. देवळापाशी तुम्ही थांबत होता. मी थांबू दिलं न्हाय."

आठ वर्षं हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. मलाही नाही. वडिलांना जपतोय असं म्हणत तो हेच झाकून बसला होता.

काका त्याच्याकडे बघत राहिले. त्यांचे खांदे हळूहळू खाली आले, आणि हातांखाली बंड्याची छाती टक् करून वर आली. पूर्ण.

"मोज," काका म्हणाले. "मला येवढं मोजता येत न्हाय. तू मोज."

दादू मोजू लागला. आवाज फाटत होता. मग केसरवहिनी मोजू लागल्या, मग सगळ्या बायका.

तीस.

श्वास

धक्क्यावर आम्ही दोघं. बॅगेतून चिंगीचा पाय बाहेर, नेहमीसारखा.

"रागावलीस?"

"स्वतःवर. पुन्हा असं काही गाळायला सांगू नकोस मला."

"न्हाय सांगणार." त्यानं चिंगीचा पाय बॅगेत सरकवला. "क्रांती, एकट्यानं हे किती वेळ करायचं?"

"मदत येईपर्यंत."

"आणि दोघं असले तर?"

"दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. एक दमतो, दुसरा घेतो. मध्ये खंड पडू द्यायचा नाही."

"म्हणजे जोडीचं काम आहे."

"जोडी असली... तर बराच वेळ जमतं."

"बराच म्हणजे?"

भोंगा वाजला. माणसं चढली, दोन रिक्षा चढल्या, एक टेम्पो चढला. खलाशानं माझ्याकडे बघून हात केला.

"पुढची फेरी कधी आहे रे?" मी दादूला विचारलं.

"तासाभरानं."

"मग जाऊ दे ही."

श्वास

फेरी निघाली. धक्क्याच्या कठड्यावर माझा हात होता. त्यावर त्यानं आपला ठेवला, आधी अख्ख्या भारानं, कुणी पाण्यातून वर येताना धरतं तसा.

मग भार हलका होत गेला.

हात तिथेच राहिला.