सेवेरच्या हाताच्या तारा

देदाला जाणारी बस दीड तास उशिरा येणार होती, आणि रेगिन गावच्या त्या रस्त्यावर उबेला उभं राहायला दुसरं दार उघडं नव्हतं. म्हणून तो वाद्यांच्या त्या दुकानात आला. जानेवारीतला गुरुवार. बाहेर बर्फ आणि पाऊस यांचं भांडण चाललेलं, आणि दोघांचा मिळून रस्त्यात चिखल झालेला.

इलिंका गल्ल्यामागे बसून एका व्हायोलिनच्या खुंट्या घासत होती. तिनं मान वर केली. उंच माणूस, ओला कोट, पाठीवर गिटार. डावा हात दाराच्या कडीवर, उजवा कोटाच्या खिशात.

"गिटार विकायची आहे," तो म्हणाला.

तिनं खोळ उघडली. गिटार चांगली होती, हाताळलेली होती. पडद्यांजवळ लाकूड झिजून फिकट पडलं होतं. तारा मात्र गंजलेल्या… आणि दोराएवढ्या जाड.

"वाजवून दाखवा."

"मी विकायला आलोय, वाजवायला नाही."

"न ऐकता मी साधी फळीसुद्धा घेत नाही."

"मग तुम्ही वाजवा."

"मी तारा लावते, सूर जुळवते. वाजवणं गिऱ्हाइकाचं काम."

तो जरा हसला, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. मग त्यानं खिशातला हात काढून गल्ल्यावर ठेवला. तर्जनी मधल्या पेरापासून नव्हती. मधल्या बोटाचं टोक नव्हतं. "आरागिरणी," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. आता सांगा, वाजवू?"

इलिंका 'अरेरे' म्हणाली नाही. वडील एखाद्या लाकडाचा तुकडा उजेडाकडे धरून बघत, तशी ती त्या हाताकडे बघत राहिली.

"अंगठा शाबूत आहे," ती म्हणाली. "अनामिका आहे, करंगळी आहे. मधलं बोट अर्ध्याहून जास्त आहे."

त्याचा हात गल्ल्यावरच राहिला. गेलेलं आजवर सगळ्यांनी मोजलं होतं. राहिलेलं मोजणारी ही पहिलीच.

शेगडीजवळच्या खुर्चीतून इलिंकाचे वडील, गाव्रिल, खाकरले. चाळीस वर्षं त्यांनी वाद्यं घडवली होती. आता गुडघ्यांनी दगा दिला होता, जिभेनं नाही. "पोरा, बस येईपर्यंत चहा घे. आणि हिच्याशी वाद घालू नकोस. मी हरलोय, तू कोण लागून गेलास!"

चहा पिताना इलिंका नुसती त्याचा हात बघत होती. कप तो अंगठा आणि अनामिका यांच्या चिमटीत धरत होता. घट्ट, सवयीनं, एक थेंब न सांडता. बस आली तेव्हा ती म्हणाली, "गिटार ठेवून जा. पुढच्या गुरुवारी या. विकायचीच असेल तर तेव्हा विका."

"का?"

"तारा छेडायची तुमची जुनी नखी पाचही बोटांच्या हाताची होती. हा हात वेगळा आहे. याला काय लागतं ते बघू द्या."

तो आला. पुढच्या गुरुवारी, बस वेळेवर असूनही.

तिनं गल्ल्यावर नख्या मांडून ठेवल्या होत्या. पातळ प्लास्टिकची नखी धरल्याबरोबर वाकली आणि तारेवर पालीसारखी चुकचुकली. गाव्रिल खो खो हसले. जाड, गुळगुळीत नखी पहिल्याच झटक्याला सुटली आणि शेगडीखाली गेली.

"लग्नात असं झालं की नवरी हसायची," सेवेर म्हणाला. "मी मांडवात उभ्यानं वाजवायचो. तेरा नंबरच्या जाड तारा, टणक नखी. अकॉर्डियनच्या वर आवाज जायला हवा ना. लोक म्हणायचे, सेवेर वाजवत नाही, लाकूड फोडतो."

"आणि आता लाकूड फोडायचंय का?"

"दुसरं काही येत नाही हो मला."

"ते माझ्यावर सोडा." तिनं शिंगाची एक मोठी, तीन कोनांची नखी पुढे केली. काल दुपारी स्वतः कापलेली. धरायच्या जागी कानशीनं खरवडून खडबडीत केलेली. "अंगठा आणि अनामिका. कप धरता तशी."

त्यानं धरली. सुटली नाही. त्यानं तारांवरून हात फिरवला. पूर्वीचा तडाखा त्या हातात उरला नव्हता. नखी तारेवरून सावकाश, तिरकी घसरत गेली. जाड तार त्यानं पुरती हलली नाही, आवाज बसका आला. पण त्या बसक्या आवाजाच्या आत इलिंकाला दुसरा आवाज ऐकू आला. हा हात आता मारणार नव्हता, गोंजारणार होता. त्याला हव्या होत्या मऊ तारा, पोलादावर रेशीम गुंडाळलेल्या, कमी ताणाच्या. हळू छेडलं तरी बोलणाऱ्या. तसा एक संच तिच्या डाव्या हाताच्या खणात पडलेला होता.

तिनं खणाकडे हात नेला… आणि त्याच वेळी सेवेरनं मान वर करून विचारलं, "झालं का? सापडलं?"

त्याच्या केसांत बर्फाचं पाणी होतं. डोळे पहिल्यांदाच हसत होते.

"नाही," इलिंका म्हणाली. "पुढच्या गुरुवारी कांस्याच्या लावून बघू."

एवढंच. त्यात खोटं असं काही नव्हतं. कांस्याच्या तारा बघायलाच हव्यात, असं तिनं स्वतःला सांगितलं. तिसऱ्या गुरुवारी कांस्य झालं. चौथ्या गुरुवारी निकेल. तो येताना आईनं केलेला अक्रोडाचा पाव आणू लागला. 'अहो बाई'चं 'इलिंका' झालं. गिऱ्हाइक नसलं की ती तारा काढताना त्यानं गिटार मांडीवर धरून ठेवायची, आणि खुंट्या फिरवताना दोघांची मनगटं एकमेकांना लागायची. मग दोघंही उगीच हवामानावर बोलायची.

"तुम्ही इतक्या हळू तार चढवता," एकदा तो म्हणाला, "की तेवढ्यात माझी बस जाते."

"घाई केली तर तुटते."

"तार?"

"…तारच. दुसरं काय?"

पाचव्या गुरुवारी तो दारातूनच म्हणाला, "रविवारी लग्न आहे. ईस्टरआधीचे उपास सुरू व्हायचेत, त्याआधीचं शेवटचं. आमच्या जुन्या ताफ्याच्या म्होरक्यानं बोलावलंय. जमलं तर पुन्हा त्यांच्यात." गिटारवर गेल्या आठवड्यातल्या निकेलच्या ताठ तारा होत्या. त्यानं त्यांच्यावर हात ठेवला. "या चालतील?"

तेव्हा खण उघडायला एक क्षण पुरे होता. पण खण उघडला की सगळं ठरून जाणार होतं. जमलं तर हा ताफ्याबरोबर गावोगाव फिरेल; नाही जमलं तरी इथं यायला कारण उरणार नाही. आणि रविवार तर अजून लांब होता.

"चालतील," ती म्हणाली.

पुढचा गुरुवार आला. तो आला नाही.

शनिवारी त्या ताफ्यातला अकॉर्डियनवाला आपल्या वाद्याचा पट्टा शिवायला टाकून गेला. जाता जाता त्यानंच सांगितलं. तीन गाणी सेवेरनं दात खाऊन रेटली. चौथ्या गाण्यात हात आखडला, नखी उडाली आणि नवरदेवाच्या काकाच्या सुपात पडली. टेबलाभोवतीचे सगळे हसले. म्होरक्या वाईट माणूस नाही; त्यानं ढोलवाल्याला खूण केली, गाणं झाकलं. पण सेवेरनं गिटार खोळीत घातली आणि चालत घरी गेला. नऊ किलोमीटर.

अकॉर्डियनवाला गेल्यावर इलिंकानं हातातला पट्टा गल्ल्यावर ठेवला.

"मी तारा चुकीच्या दिल्या, बाबा."

"मला ठाऊक आहे," गाव्रिल म्हणाले. "दुसऱ्या गुरुवारी तुझा हात खणावर गेला नि परत आला. गुडघे गेलेत माझे, डोळे आहेत."

"मग बोलला का नाहीत?"

"पाच गुरुवार तू गुणगुणत होतीस. आठ वर्षांत ऐकलं नव्हतं ते. मीही लोभी झालो." त्यांनी काठीनं शेगडीतला कोळसा ढकलला. "पण त्याचं रविवारचं हसं झालं ते आपल्या लोभापायी. गाडी साडेअकराची आहे. जा."

देदाच्या स्टेशनपासून घर वीस मिनिटांवर होतं. मुरेश नदीच्या काठानं बर्फ वितळून काळं पाणी वाहत होतं. दार सेवेरच्या आईनं उघडलं. लहानखुरी बाई, हाताला पीठ. तिनं इलिंकाकडे, तिच्या हातातल्या पुडक्याकडे पाहिलं आणि काही न विचारता बाजूला झाली.

सेवेर खिडकीशी बसला होता. तिला बघून उठला नाही.

"गिटार न्यायला आलात का? घेऊन जा. या वेळी वाजवून बघायची अट नको."

"मी सांगायला आलेय." ती उभीच राहिली. बसली असती तर धीर गेला असता. "तुमच्या हाताला काय लागतं ते मला दुसऱ्याच गुरुवारी कळलं होतं. संच माझ्या खणात होता. मी काढला नाही."

"काय?"

"काढला असता तर तुम्ही आला नसता. म्हणून कांस्य, म्हणून निकेल… आणि गेल्या आठवड्यात तुम्ही विचारलंत, तेव्हा मी 'चालतील' म्हटलं. चालणार नाहीत हे माहीत असून. ती नखी तुमच्या हातातून नाही सुटली, सेवेर. मी सोडवली."

खोलीत फक्त आईच्या पोळपाटाचा आवाज येत होता. मग तोही थांबला.

"सगळे हसले," सेवेर हळूच म्हणाला. "लहान पोरंसुद्धा."

"माहीत आहे."

"आणि तुम्ही… एवढ्यासाठी?"

"हो. एवढ्यासाठी." तिचे डोळे भरले, पण तिनं ते पुसले नाहीत. "माफ करा असं म्हणायला तोंड नाही मला. तारा आणल्यात. लावून देते आणि जाते. पुन्हा गुरुवार नको."

सेवेरनं तोंड खिडकीकडे वळवलं. तिनं गिटार घेतली, जमिनीवर बसली आणि निकेलच्या तारा एकेक करून उतरवल्या. रेशमाच्या चढवल्या. या वेळी हळू नाही. हात झपाझप चालत होते. सूर जुळला. तिनं गिटार त्याच्या मांडीवर ठेवली, शिंगाची नखी खिडकीच्या फळीवर ठेवली आणि कोटाची बटणं लावू लागली.

पहिला सूर आला तेव्हा तिचा हात दुसऱ्या बटणावर होता.

त्यानं मोठ्यानं वाजवलं नाही. डोंगरातलं एक जुनं, लांबट गाणं होतं, मेंढ्या वर नेताना म्हणतात तसलं. पूर्वी तो ते कधीच वाजवत नसे. लग्नात कोण ऐकणार? नखी तारेवरून तिरकी सरकत होती आणि तार तिला धरत होती, सोडत होती. दोनदा तो चुकला. तिसऱ्यांदा थांबला, श्वास घेतला, पुन्हा सुरू केलं. दारात त्याची आई पिठाचे हात तसेच हवेत धरून उभी होती.

गाणं संपल्यावर त्यानं तारांवर तळवा ठेवला.

"ताफ्यात हे चालणार नाही," तो म्हणाला. "अकॉर्डियनखाली ऐकूसुद्धा येणार नाही."

"नाही येणार."

"या वेळी खरं बोललात."

"इथून पुढे तेच बोलेन."

तो उठून तिच्यासमोर आला. राग गेला नव्हता. तो त्याच्या जबड्यात दिसत होता. पण त्याच्याखाली आणखी काहीतरी होतं, आणि ते दिसू नये म्हणून त्यानं यत्न केला नाही.

"बस पहिल्याच दिवशी दीड तास उशिरा होती," तो म्हणाला. "नंतर एकदाही नव्हती. तारांसाठी दर आठवड्याला कोण एवढं येतं? मला वाटलं होतं, तुम्हाला कळलं असेल."

"मला वाटलं, तुम्ही गिटारसाठी…"

"गिटार विकायला काढली होती मी, इलिंका!" तो जवळजवळ ओरडलाच. मग आवाज खाली आला. "पण एक ध्यानात घ्या. पूर्वी मी जसा वाजवायचो, तसं आता कधीच वाजणार नाही."

"पूर्वीचं मी ऐकलंच नाही," ती म्हणाली. "मला तू हाच माहीत आहेस."

'तू' तिच्या तोंडून केव्हा गेलं ते तिला कळलं नाही. त्याला कळलं. त्यानं आपला उजवा हात पुढे केला, तोच, कधी नव्हे तो उघडा. तिनं तो दोन्ही हातांत घेतला.

"उपास संपेपर्यंत काही लग्नं नाहीत," स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "तोवर घेवड्याचं सूप तरी खा दोघं. निवतंय."