अकराव्या प्रश्नाचे उत्तर

जिलानीभाईंच्या दुकानात, झेरॉक्स यंत्राच्या काचेवर विसरलेल्या अर्जात, ‘मोरल टर्पिट्यूडच्या गुन्ह्यात न्यायालयाने दोषी ठरवले आहे काय?’ या अकराव्या प्रश्नापुढे ‘होय’ लिहिलेले होते.

अर्ज सत्यम नावाच्या तरुणाचा होता. तो जळकोटचा, शिक्षकाच्या नोकरीचा उमेदवार. अर्जावरच्या फोटोवरून ओळखले: पाच मिनिटांपूर्वी यानेच मला रांगेत आपला नंबर दिला होता. “तुम्ही घ्या आधी. मला घाई न्हाई.” आणि तो हसला होता. मी, प्रयोगशाळेत रक्त तपासणारी तनुजा, पुराव्याशिवाय काहीच मानत नाही. तरी त्या हसण्यावर मी विनाचौकशी विश्वास ठेवला होता.

मोबाइलवरचा शब्दकोश म्हणाला: नैतिक अधःपतन, नीच, लाजिरवाणे वर्तन. कायद्यात हा शब्द लाच, फसवणूक, अफरातफर यांसाठी वापरतात. हा अहवाल मला नको होता.

तो धापा टाकत परतला. “मॅडम, माझा अर्ज...?”

“आहे. अकरावा प्रश्न वाचला मी.”

त्याचा चेहरा उतरला. माझाही.

“फसवणूक केलीत?”

“हाव... बोर्डाची. बारावीला, रसायनशास्त्राच्या पेपरात. माझी पुरवणी मागच्या बाकावरच्या मित्राला, विनोदला दिली. त्यानं सगळी उतरवली.”

“पकडले गेलात?”

“न्हाई. तुम्हालाच पहिल्यांदा सांगून राहिलो.”

“मग न्यायालय कुठून आले?”

“न्यायालय?” तो गोंधळला. “शब्दाचा अर्थ पाहिला — लाजिरवाणं वर्तन. लाज तर मला अजून वाटते. पोरांना खरं बोला म्हणायचं, अन् नोकरीच्या अर्जातच खोटं लिहायचं?”

मी हसले. छातीवरचे ओझे इतके अचानक उतरले, की हसणे आवरेना. जिलानीभाईंनी कोरा अर्ज पुढे सरकवला. “बेटा, नोकरी मागून राहिलास का सजा?”

सत्यमने पेन उघडले, मग थांबला. “‘नाही’ लिहिलं तर खोटं न्हाई ना होणार?”

“नाही. तेच खरे आहे.”

“तुम्ही शेजारी बसता? चुकलो तर...”

“पुरवणी देणार नाही.”

तो लाजला... पण बसण्यासाठी स्टूल मात्र माझ्याकडे सरकवलेच. शेवटची सही करून त्याने विचारले, “अर्ज देऊन आल्यावर... चहा घ्याल?”

“याचे उत्तर ‘होय’.”

अर्जातल्या त्या चुकीच्या ‘होय’चे कारण एवढेच होते: प्रश्नातला एक अवघड शब्द त्याने शब्दकोशात शोधला, सोपे शब्द वाचायचे राहिले, आणि जे न्यायालयाबद्दल विचारले होते ते त्याने स्वतःच्या मनाला विचारून लिहिले.