घाटात साइड देणारा हात

आधीच सांगते, ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याला खोटी वाटेल त्याने खुशाल हसावं, मी भांडायला येणार नाही. पण गाडी मी चालवत होते. आणि गाडीत माझ्याशिवाय कोणीही नव्हतं...

निदान मला तरी तसंच वाटत होतं.

२००६ सालचा फेब्रुवारी. मंगळवार. वेळ रात्रीची नाही, भर दुपारची. दोन वाजून दहा मिनिटं. जागा, उमरखेडकडे जाणारा जुना घाट.

नवा रस्ता झाल्यापासून तिकडे कोणी फिरकत नव्हतं. त्यात ती वर्षं कापसाच्या पडझडीची. जिनिंगचे कारखाने बंद, मार्केट यार्डात शुकशुकाट. पूर्वी त्या घाटात कापसाच्या ट्रकामागे तासभर अडकून पडायचो. आता दिवसभरात चार फटफट्या गेल्या तर गेल्या.

मला तो रिकामा घाट हवाच होता.

मी गुंजन. तेव्हा तेवीस वर्षांची होते. मला घाटशर्यतीत उतरायचं होतं. एका वेळी एकच गाडी, खालून वर, स्पर्धा फक्त घड्याळाशी. यवतमाळात एखाद्या पोरीने असं म्हटलं की लोक आधी हसायचे आणि मग तिच्या बापाकडे कीव करून बघायचे. माझे बाबा कचेरीत हेडक्लार्क. त्यांना ही कीव फार झोंबायची.

आमची जुनी मारुती ८०० बाबांच्या नावावर. त्यांची सही नसेल तर नवशिक्यांच्या शर्यतीतही प्रवेश नव्हता. फॉर्म भरायचा शेवटचा दिवस बुधवार.

महिनाभर भांडण झालं. शेवटी बाबा म्हणाले, "माझ्या डोळ्यांसमोर साडेतीन मिनिटांत घाट चढून दाखव. गाडीला ओरखडाही नको. जमलं तर सही. नाही जमलं तर हे नाव पुन्हा काढायचं नाही."

मी म्हटलं, मंजूर.

शिकवायला अश्वजितदादा होता. नेरच्या रस्त्यावर त्याचं गॅरेज. त्याने पहिले आठ दिवस मला गाडीला हातच लावू दिला नाही. अकराही वळणं पायी चालायला लावली.

"पायानं चालल्याशिवाय घाट समजत नाही बाप्पा," तो म्हणायचा. "आन् ब्रेक वळणाच्या आधी. वळणात ब्रेक मारला का गेली तू."

रस्ता रिकामा ठेवायची आमची एक पद्धत होती. मोबाइलला रेंज नव्हती. घाटाच्या पायथ्याशी भावसिंगकाकांची चहाची टपरी. ते रस्ता अडवायचे आणि शेवटच्या गाडीवाल्याच्या हातात एक लाल चिंधी द्यायचे. वरून उतरणाऱ्या गाड्या अश्वजितदादा थांबवायचा. ती चिंधी त्याला मिळाली, म्हणजे घाटात कोणी उरलं नाही. मग तो ट्रकचा जुना आरसा उन्हात धरून दोनदा चमकवायचा.

दोन चमका, म्हणजे निघ.

महिनाभरात ही पद्धत एकदाही चुकली नव्हती.

त्या दिवशी बाबा वर अश्वजितदादाजवळ उभे होते. त्यांनी मला दोनच फेऱ्या दिल्या होत्या. पहिल्या फेरीला तीन मिनिटं अडतीस सेकंद लागले. आठ सेकंद जास्त! मी खाली परत आले तेव्हा रडकुंडीला आले होते.

भावसिंगकाकांनी पाणी दिलं. "काहून तोंड पाडून बसली? आखरी फेरी हाय, जाय जोरात. फटफटीवाला गेला आताच, चिंधी त्याच्यापाशी देल्ली."

आम्ही वर बघत बसलो.

एक चमक.

दुसरी चमक.

मी क्लच सोडला.

पहिली तीन वळणं मख्खन. चौथ्याला मागचं चाक थोडं घसरलं, मी सावरलं. पाचव्यानंतर मला कळलं, आज जमतंय.

आणि सहाव्या वळणाच्या तोंडाशी...

माझ्या इंजिनचा आवाज बंद झाला.

गाडी पळत होती. काटा वर होता. आवाज मात्र नव्हता.

त्याऐवजी दुसराच आवाज येत होता. जड, घोगरा. पहिल्या गिअरमध्ये रखडत चढणाऱ्या ट्रकचा.

काचेवर काहीतरी पांढरं येऊन चिकटलं. कापूस.

सातवं वळण घेतलं आणि समोर तो दिसला.

कापसाने शिगोशिग भरलेला ट्रक. दोन्ही बाजूंनी फुगलेला, सगळा रस्ता अडवून चाललेला. त्याच्या चाकांखाली धूळ उडत नव्हती. धूर नव्हता. नंबराच्या पाटीवर नुसता काळा रंग होता.

माझा पाय ब्रेककडे गेला. ब्रेक मारला असता तर वेळ गेली असती, सही गेली असती, सगळंच गेलं असतं.

तेवढ्यात ड्रायव्हरच्या खिडकीतून एक हात बाहेर आला.

सावकाश हलला. ये... ये... पुढे जा.

घाटात गाडी चालवणाऱ्या कोणालाही विचारा. ट्रकवाल्याने हात दाखवला की आपण डोळे झाकून पुढे काढतो. त्याला वरून दिसतं, आपल्याला दिसत नाही. आमच्याकडे सगळे त्या हातावर विश्वास ठेवतात. मीसुद्धा शंभरदा ठेवला होता.

मी स्टिअरिंग उजवीकडे वळवलंसुद्धा.

मग आठवलं. आठव्या वळणाआधी उजवी कड पावसाने खचलेली आहे. मी तिथे पायी उभी राहिले होते. खाली दरी आहे.

हात अजून बोलावत होता. आता जरा घाईने.

मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण भीतीपेक्षा जास्त राग आला. महिनाभर मला जो तो अडवत होता, आता हा कोण आणखी उपटला? भावसिंगकाकांनी चिंधी दिली होती. अश्वजितदादाने आरसा चमकवला होता. माझी माणसं खोटं बोलत नाहीत. म्हणजे हा रस्ता रिकामा आहे.

मी स्टिअरिंग सरळ केलं. हॉर्नवर तळवा दाबला. ॲक्सिलरेटर खालपर्यंत.

"हट!" मी ओरडले आणि थेट ट्रकच्या पाठीत गाडी घातली.

सगळं पांढरं झालं.

थंडी वाजली. फेब्रुवारीच्या दुपारी, इंजिनशेजारी बसून थंडी. नाकात सरकीचा वास. आणि कानाजवळ कोणीतरी हळूच श्वास सोडला...

मग माझं इंजिन पुन्हा ऐकू आलं. समोर आठवं वळण होतं, रस्ता मोकळा. पुढची वळणं मी कशी घेतली, मला आठवत नाही.

वर पोचले. अश्वजितदादा घड्याळ नाचवत धावत आला. "तीन एकवीस! तीन एकवीस, गुंजन!"

गाडीला ओरखडा नव्हता. काचेवर कापसाचा धागाही नव्हता.

"ट्रक दिसला का तुम्हाला?" मी विचारलं.

"कायचा ट्रक? फटफटीनंतर कुत्रं नाही आलं इकडं."

बाबा कठड्याजवळ उभे होते. तिथून शेवटची दोन वळणं स्वच्छ दिसतात. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

त्यांनी खिशातून फॉर्म काढला, बॉनेटवर ठेवला आणि सही केली.

मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तुझ्या गाडीच्या डावीकडच्या खिडकीतून हात बाहेर काढून कोण बोलावत होतं?"

मी म्हटलं, "बाबा, मी एकटीच होते."



आजवर मी चौदा शर्यती केल्या. तो घाटही सोडला नाही, पुढेही सोडणार नाही. मला रस्त्यावरून हटवणारा अजून जन्मायचा आहे, आणि मेलेल्यांचं मी ऐकत नाही.

पण दर शर्यतीला मी हेल्मेट चढवण्याआधी बाबा फोन करतात. जिंक, हरू नको, असं कधीच म्हणत नाहीत. एवढंच म्हणतात...

"गुंजू, येशील तेव्हा एकटीच ये."

मी हो म्हणते. डावीकडे मात्र बघत नाही.